पान तेवीस, ओळ अकरा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय चंद्रप्रकाश साहेब, न्यायालयातली आपली कामं मागे ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या अ‍ॅडव्होकेट नीलमताई, आज आपला निरोप घेणाऱ्या, ज्यांचं नाव मागच्या फलकावर आहे त्या श्रीमती वनमाला धुरी मॅडम, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान धुरी काका, दोन्ही पाळ्यांमधले माझे सहकारी, आणि शेजारच्या गाळ्यातून आपली छपाईची यंत्रं अर्धा तास बंद ठेवून आलेले मित्र, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी रुचिरा सोनकांबळे. मी कॉम्प्युटर इंजिनीअर आहे आणि भाषण करायची मला सवय नाही. माझा सहकारी सर्वेश याने मला दोन सूचना दिल्या आहेत. एक, पाच मिनिटांत संपव. दोन, जरा हसून बोल. पहिली सूचना पाळता येणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. दुसरीचं बघू.

पाहुण्यांसाठी आपलं काम थोडक्यात सांगायला हवं. मरोळच्या या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सामानाच्या लिफ्टसमोर आम्ही छप्पन्न माणसं कानाला हेडफोन लावून बसतो. अमेरिकेतल्या न्यायालयांमध्ये जे बोललं जातं त्याचं ध्वनिमुद्रण आमच्याकडे येतं. आम्ही ते ऐकतो आणि लिहून काढतो. न्यायाधीश काय म्हणाले, वकील काय म्हणाले, आरोपी काय म्हणाला, सगळं. प्रत्येक पानावर पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीला आकडा. शेवटच्या पानावर तपासनिसाची सही. त्या सहीचा अर्थ असा की जे ऐकलं तेच लिहिलं आहे, वाढवलेलं काही नाही आणि गाळलेलंही काही नाही.

ती सही दहा वर्षांहून जास्त काळ वनमाला मॅडमनी केली. त्याआधी त्या उपनगरातल्या एका न्यायालयात लघुलेखक होत्या. स्वेच्छानिवृत्ती घेतली, दोन महिने घरी बसल्या आणि मग, काकांच्या शब्दांत सांगायचं तर, 'घरातल्या बोलण्याची नोंद ठेवायला लागली म्हणून मीच म्हटलं, नोकरी शोध.' बरोबर ना काका? काका मान्य करताहेत.

मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं की माझा या शब्दांशी काही संबंध नाही. मला प्रोग्राम लिहायचे होते. टंकलेखकांचं काम हलकं करायचं, वेळ वाचवायचा. कोर्टातलं कोण काय बोलतं याच्याशी मला काय करायचं होतं? पहिल्याच दिवशी मॅडमनी मला एक फाईल वाचायला दिली. शेवटी न्यायाधीश म्हणत होते की आरोपीला तीन वर्षं प्रोबेशनवर ठेवण्यात येत आहे. मी विचारलं, 'मॅडम, म्हणजे याला नोकरी लागली का?'

हसा. तेव्हाही सगळा मजला हसला होता. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'तुला काय लागलंय?'

'एक वर्ष प्रोबेशन.'

'त्यालाही प्रोबेशनच. तू नीट वागलीस तर कायम होशील, तो नीट वागला तर तुरुंगाबाहेर राहील. अर्थ लांबचा नाही गो, पण तुझ्या प्रोग्रामला हा फरक कोण सांगणार?'

मग त्यांनी मला तीस शब्द दिले. रोज तीन, दहा दिवस, दुपारच्या चहाला. शब्दकोशातली व्याख्या त्यांना चालायची नाही. त्या म्हणायच्या, 'व्याख्या तुला पाठ होईल. मला तो माणूस कुठे उभा आहे ते सांग.' आणि मग स्वतःच सांगायच्या. हे शब्द मी पुढे प्रशिक्षणाच्या टिपणात लिहून ठेवले आहेत. आज त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण टिपणात मी ते फार कोरडे केले आहेत.

अरेनमेंट म्हणजे आरोपीला पहिल्यांदा उभं करून आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, तुझं काय म्हणणं. मॅडम म्हणाल्या, 'उशिरा घरी आलीस की आई दारातच थांबवून विचारते ना, कुठे होतीस? ते अरेनमेंट. अजून मार पडलेला नाही.'

डिस्कव्हरी म्हणजे खटला उभा राहण्याआधी दोन्ही पक्षांनी आपापले कागद एकमेकांना दाखवायचे. 'लग्न जुळवताना मुलाला मधुमेह आहे हे आधी सांगायचं की मांडवात? तिकडे मांडवात सांगून चालत नाही.'

हिअरसे म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं ऐकून दिलेली साक्ष. याला मॅडमना उदाहरण शोधावं लागलं नाही. त्यांनी जोगेश्वरीच्या आपल्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून माझ्या हातात दिला. 'वाच. सगळं हिअरसे.'

ज्युरी म्हणजे सामान्य लोकांतून निवडलेले बारा जण, जे पुरावा ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवतात. फौजदारी खटल्यात त्यांचं एकमत व्हावं लागतं. यावर मॅडम म्हणाल्या, 'बारा जणांचं एकमत? आमच्याकडे पाण्याची टाकी धुण्यावर तिघांचं होत नाही. ते लोक धन्य आहेत.'

आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं जागचा न हलणाऱ्या अर्जाला तिकडे मोशन, म्हणजे हालचाल, म्हणतात हे कळल्यावर न्यायालयात आयुष्य काढलेल्या या बाईंनी जो सुस्कारा सोडला, तो मला लिहिता येणार नाही. नीलमताई हसताहेत, म्हणजे त्यांना कळलं.

पण एक शब्द त्यांनी विनोद न करता शिकवला. अपील. मी म्हटलं, हा तर सोपा आहे, वरच्या कोर्टात जायचं. त्या म्हणाल्या, 'कोण जातं?'

'आरोपी.'

'चूक. तिकडे वरच्या कोर्टात नव्याने साक्ष होत नाही. साक्षीदाराला परत बोलावत नाहीत. तिथले न्यायाधीश खालच्या कोर्टात काय झालं ते कागदावर वाचतात. तो माणूस कसा उभा होता, कसा बोलला, घाबरला होता का, यातलं त्यांना काही दिसणार नाही. तू लिहिलेलं दिसेल. तेवढंच दिसेल.'

मी ते लिहून घेतलं. समजलं असं मला वाटलं. समजलं नव्हतं, हे मला पुढे कळलं, आणि त्याच्याबद्दल बोलण्यासाठीच मी आज इथे उभी आहे.

त्याआधी मॅडमबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर सर्वेश म्हणेल की चांगलं काही बोललीच नाही. मॅडम ऐकताना हाताने लघुलिपीत लिहितात. समोर पडद्यावर टंकलेलं असतं, तरी लिहितात. मी एकदा विचारलं, कशाला दुहेरी काम? म्हणाल्या, 'कान वाचलेलं ऐकतो. पडद्यावर जे दिसतं तेच ऐकू यायला लागतं. म्हणून हाताला वेगळं काम द्यायचं.' मी पाच वर्षं इंजिनीअरिंगच्या क्षेत्रात आहे. तपासणीबद्दल यापेक्षा अचूक वाक्य मी ऐकलेलं नाही. दुसरी गोष्ट, त्या रागावतात तेव्हा मालवणीत जातात आणि प्रेमाने बोलतात तेव्हाही मालवणीतच जातात. दोन्हींतला फरक ओळखायला मला एक वर्ष लागलं. आमच्यातल्या श्रुतिकाला अजून ओळखता येत नाही.

आता मुद्द्यावर येते.

मी आल्यावर चौथ्या महिन्यात एक प्रोग्राम लिहिला. आपण सगळे त्याला 'सफाई' म्हणतो. माणूस बोलताना अडखळतो. 'अं' म्हणतो, तेच शब्द दोनदा बोलतो, वाक्य सुरू करून सोडून देतो आणि नव्याने सुरू करतो. वकिलांच्या कार्यालयांना काही वेळा ही सगळी अडखळ काढलेली प्रत हवी असते. सफाई ते काम काही सेकंदांत करते. न्यायालयातल्या सुनावणीला मात्र ती कधीच लावायची नसते, कारण तिथे अडखळसुद्धा नोंदीचा भाग असते. त्यासाठी प्रोग्राममध्ये एक निवड ठेवली होती. सुनावणी असेल तर सफाई बंद.

एका शुक्रवारी मी त्यात बदल केला. दोन बदल. सफाईची पायरी मी तपासणीच्या आधीऐवजी नंतर, छपाईची प्रत तयार होताना ठेवली, कारण त्याने वेळ वाचत होता. आणि हे करताना ती निवड पुसली गेली. म्हणजे त्या शुक्रवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत, प्रत्येक फाईल तपासनिसाची सही झाल्यानंतर एकदा साफ होत होती. मंगळवारी मला निवड गायब दिसली, मी ती परत घातली आणि पायरीही परत आधी नेली. मधल्या चार दिवसांत कोणत्या फाईली गेल्या हे मी तपासलं नाही. ते मी तपासायला हवं होतं.

तिकडे जोडून सुट्टी होती, म्हणून त्या चार दिवसांत न्यायालयाची एकच फाईल गेली होती. एक्केचाळीस पानांची.

अमेरिकेत बहुतेक फौजदारी प्रकरणं खटल्यापर्यंत जातच नाहीत. आरोपी सरकारी पक्षाशी समझोता करतो आणि गुन्हा कबूल करतो. पण ती कबुली घेण्याआधी न्यायाधीश त्याला एकेक प्रश्न विचारतात. तुला कळतंय का की तू ज्युरीसमोर खटला चालवण्याचा हक्क सोडतो आहेस? तू शुद्धीत आहेस का? कबुली स्वतःच्या मर्जीने देतो आहेस का? या उत्तरांवर ती कबुली उभी राहते.

पान तेवीस, ओळ अकरा. न्यायाधीशांनी विचारलं, या कबुलीसाठी कुणी तुला धमकावलं किंवा दबाव आणला का? तो माणूस म्हणाला, 'नाही. म्हणजे, हो. नाही, नाही.'

न्यायाधीशांनी शेवटचा 'नाही' धरला आणि पुढचा प्रश्न विचारला.

मॅडमनी सही केली तेव्हा कागदावर तो जे बोलला तेच होतं. सही चार वाजून बारा मिनिटांनी झाली. चार वाजून वीस मिनिटांनी सफाई चालली. तिने ही अडखळ ओळखली, मी शिकवलं होतं तशी, आणि ती काढून टाकली. छापील प्रतीत एकच शब्द राहिला. 'नाही.'

चार महिन्यांनी त्या माणसाचा नवा वकील आला. त्याने कबुली मागे घेण्यासाठी अर्ज केला. म्हणाला, माझा अशील त्या प्रश्नावर डगमगला होता. आपली प्रत सांगत होती की तो अजिबात डगमगला नव्हता. वकिलाने मूळ ध्वनिमुद्रण मागवलं. ते ऐकलं. आपल्या ग्राहकाचं पत्र आपल्याकडे आलं.

पुढचं इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे असं त्यांना वाटतं. चौकशी समिती बसली. साहेब अध्यक्ष होते. तांत्रिक बाजू सांगायला मला बोलावलं. मला विचारलं गेलं, 'सही झाल्यावर प्रोग्राम काही बदलतो का?' मी म्हटलं, 'नाही, सफाई तपासणीच्या आधी चालते.' त्या क्षणी मला ते खरं वाटत होतं. त्या शुक्रवारचा बदल मी विसरले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नोंदी उघडल्या आणि चार-बारा आणि चार-वीस हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले.

मॅडमनी मला पर्जरी हा शब्दही शिकवला होता. शपथेवर जाणूनबुजून खोटं बोलणं. मी शपथेवर नव्हते, आणि बोलले तेव्हा मला माहीत नव्हतं. व्याख्या इतकी नेमकी आहे की मी तिच्यातून सुटते. पण मी अचूक बोलायचं ठरवलं आहे, म्हणून अचूक सांगते. पहिले तीन दिवस ती चूक होती. चौथ्या दिवसापासून ते खोटं होतं. त्याला आज आठ महिने होतात.

सर्वेश, मला माहीत आहे की पाच मिनिटं झाली. बस खाली.

आता मॅडम त्या चौकशीत काय म्हणाल्या ते. मी त्याच खोलीत होते. साहेबांनी फार सौजन्याने विचारलं, 'मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे?' मॅडम म्हणाल्या, 'साहेब, माझ्याकडून नोलो कंटेंडरे लिहा.'

साहेब म्हणाले, 'म्हणजे?'

'म्हणजे माझा वाद नाही. सही माझी आहे. जी शिक्षा द्यायची ती द्या.'

साहेबांनी मान डोलावली. आणि चौकशीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'श्रीमती धुरी यांनी चूक मान्य केली.'

त्या असं म्हणाल्या नव्हत्या.

अमेरिकेच्या न्यायालयात आरोपीला विचारलं की तुझं काय म्हणणं, तर तो तीन उत्तरं देऊ शकतो. मी दोषी आहे. मी दोषी नाही. आणि तिसरं, न्यायाधीशांची परवानगी असेल तर, मी वाद घालत नाही. हे तिसरं उत्तर देणारा शिक्षा स्वीकारतो, पण गुन्हा केला असं म्हणत नाही. पुढे त्याच्यावर कुणी दिवाणी दावा लावला, तर सहसा हे उत्तर कबुली म्हणून त्याच्यासमोर ठेवता येत नाही. मॅडमना हा फरक या मजल्यावर सगळ्यांत जास्त माहीत होता. त्यांनी शब्द निवडून वापरला. माणूस बोलतो ते जसंच्या तसं लिहिणं हा ज्या कंपनीचा धंदा आहे, तिने स्वतःच्या सर्वांत जुन्या तपासनिसाचं एक वाक्य चुकीचं लिहिलं. आणि ते चुकीचं आहे हे कळणारी दुसरी व्यक्ती त्या खोलीत मी होते. मी गप्प बसले.

मॅडमचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. गेले आठ महिने त्या खिडकीजवळच्या टेबलावर नव्या मुलांचे कच्चे मसुदे दुरुस्त करत होत्या. आणि प्रशिक्षणात एक नवा धडा आला. धडा चौथा, तपासनिसाचं दुर्लक्ष. त्यात नाव नाही. 'दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या वरिष्ठ तपासनीस' एवढंच आहे. या मजल्यावर अशी व्यक्ती एकच आहे. आतापर्यंत तीन तुकड्यांनी तो धडा वाचला. तिसऱ्या तुकडीतल्या चैतन्यने तर मॅडमनाच विचारलं, 'मॅडम, त्या कोण होत्या, अजून आहेत का इथे?' मॅडम म्हणाल्या, 'आहेत ना. तुझ्या मसुद्यात सतरा चुका आहेत, आधी त्या बघ.'

चैतन्य, मान खाली घालू नकोस. तुला माहीत नव्हतं.

मागच्या गुरुवारी मी शेवटी त्यांच्याकडे गेले. त्या कँटीनमध्ये डबा उघडून बसल्या होत्या.

मी म्हटलं, 'मॅडम, बोलायचं होतं.'

'मग उभी का? बस.'

'ती एक्केचाळीस पानांची फाईल...'

'पान तेवीस,' त्या म्हणाल्या.

मी पानाचा आकडा अजून सांगितला नव्हता. मी विचारलं, 'तुम्हाला माहीत होतं?'

'अगो, मी वहीत लिहिते. माझ्या वहीत तीन वेळा नाही आणि एकदा हो आहे. छापून गेलं त्यात एकच नाही. मधले शब्द काय उंदराने खाल्ले?'

'मग त्या दिवशी वही का नाही दाखवलीत?'

'दाखवली असती तर साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला असता. मग बदललं कुणी? मजल्यावर प्रोग्राम लिहिणारी तू एकटी. आणि तुझं प्रोबेशन संपायला सत्तावीस दिवस होते. तुला काढायला चौकशीसुद्धा लागली नसती.'

'तुम्ही दिवस मोजले होते?'

'जन्मभर तारखा सांभाळल्या मी. सवय जाते का?'

मी म्हटलं, 'माझं प्रोबेशन संपून सात महिने झाले. तुम्ही एकदाही काही म्हणाला नाहीत.'

'मी काय म्हणायचं? माझं मी केलं. तुझं तू बघ.' आणि मग म्हणाल्या, 'भाकरी घे. बांगड्याचं लोणचं आहे, काट्यांकडे लक्ष दे.'

त्यांनी मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. माफ केलं नाही असंही म्हणाल्या नाहीत. मी त्यात माझ्या सोयीचं काही वाढवणार नाही.

त्याच संध्याकाळी सर्वेश माझ्या टेबलाशी आला. 'ऐक ना, मॅडमनी सांगितलंय, निरोपाचं भाषण रुचिराच करेल. दुसरं कुणी नको म्हणाल्या. काय जादू केलीस गं? मी चार दिवस तयारी केलेली, माझी वाट लागली ना!' मी त्याला काही सांगितलं नाही. न्यायालयात हजर राहायचा हुकूम निघाला की त्याला समन्स म्हणतात. तो आला की कारण विचारायचं नसतं, जायचं असतं.

साहेब, आज सकाळी साडेदहा वाजता मी आपल्याला पत्र दिलं. त्याला दोन्ही वेळांची नोंद जोडली आहे, त्या शुक्रवारच्या बदलाची प्रत जोडली आहे, आणि मॅडमच्या वहीच्या त्या पानाचा फोटो, त्यांची परवानगी घेऊन, जोडला आहे. एक तारखेपासून माझ्याकडे येणारं ऑटोमेशन प्रमुखाचं पद चौकशी पुन्हा होईपर्यंत थांबवावं, असंही त्यात लिहिलं आहे. आपण म्हणालात, 'कार्यक्रम होऊ दे, मग शांतपणे बोलू.' आपलं म्हणणं योग्य होतं. पण कार्यक्रम झाल्यावर मॅडम या इमारतीत नसतील. त्यांची चूक सगळ्यांसमोर शिकवली गेली. दुरुस्ती बंद खोलीत झाली तर ती अर्धी होईल. म्हणून आपला मान ठेवूनही मी थांबले नाही. याबद्दल आपण मला जे विचाराल त्याचं उत्तर मी देईन.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, त्या इतिवृत्तात मॅडम जे म्हणाल्या ते, तेवढंच आणि तसंच लिहावं. दुसरी, धडा चौथा काढू नये. तो उपयोगाचा धडा आहे, नव्या मुलांना शिकवायलाच हवा. फक्त शीर्षक बदलावं आणि 'वरिष्ठ तपासनीस' च्या जागी माझं पद आणि माझं नाव घालावं. तीन उत्तरांतलं माझं उत्तर पहिलं आहे. मी दोषी आहे.

तुम्ही विचाराल, त्या माणसाचं काय झालं? आपण दुरुस्त प्रत पाठवली. त्याचा अर्ज मंजूर झाला की नाही, आपल्याला कळवलं गेलेलं नाही. आपल्याकडे नेहमी मधली पानं येतात. पुढचं आपल्याला दिसत नाही. मॅडम म्हणतात, म्हणूनच मधली पानं नीट ठेवायची.

मॅडम, मी तुमच्याबद्दल फार कमी बोलले आणि माझ्याबद्दल जास्त. निरोपाच्या भाषणात असं करत नाहीत हे मला कळतं. तुम्ही मला तीस शब्द शिकवलेत. बाकी जे शिकवलंत त्याला त्या यादीत शब्द नाही, आणि मला ते जाहीरपणे म्हणताही येत नाही. तुम्ही रोज चार वाजता माझ्या टेबलावर जो चहा ठेवायचात तो त्या आठ महिन्यांतही ठेवायचात. रोज. एक दिवससुद्धा चुकला नाही. मी तो रोज प्यायले. कसा प्यायले ते मला विचारू नका.

थांबा. मॅडम मान हलवताहेत.

तिकडच्या न्यायालयात एक नियम आहे. साक्षीदाराने नुसती मान हलवली तर लिहिणाऱ्याने ती लिहायची नाही, कारण मान होकाराची की नकाराची हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. न्यायाधीश साक्षीदाराला सांगतात, तोंडाने उत्तर द्या. मॅडम, मला इथून कळत नाही. तुम्ही तोंडाने सांगाल का?

मागच्या रांगेला ऐकू आलं नसेल, म्हणून मी ते जसंच्या तसं सांगते. मॅडम म्हणाल्या, 'गप रव गो, रडू नको. नाव घाल तुझं. आणि चहाचा कप धुवून ठेवत जा.'

साहेबांनी मला बोलू दिलं, थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. नीलमताई, आपण आनंदाच्या कार्यक्रमाला म्हणून आलात आणि आपल्याला सुनावणी ऐकावी लागली. काका, इतकी वर्षं तुम्ही त्यांना आमच्याकडे पाठवत राहिलात. सर्वेश, तुझं भाषण माझ्यामुळे राहून गेलं, ते तू जेवताना कर, आम्ही ऐकू. आणि तुम्ही सगळ्यांनी, पाचाच्या जागी बरीच मिनिटं, मला ऐकून घेतलंत.

बोलताना मी कुठे लांबले असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मान देण्यात उणं पडलं असेल, तर तेवढ्यासाठी मी आपल्या सर्वांची क्षमा मागते. पान तेवीसवरच्या ओळीसाठी आज क्षमा मागत नाही. ती माझ्या नावावर लिहा.

धन्यवाद.